मेणाचे बारा पाय

कुत्रीला पाय बसवायचा होता. तो मेणबाईने करायचा होता. आणि त्याबद्दल तिचं नाव पाटीवर येणार होतं.

पहिल्या दोन गोष्टी मेणबाईने खुर्चीच्या कडेवर टेकून ऐकल्या. संग्रहालयाच्या कचेरीतल्या खुर्च्या अशाच असतात, कारखान्याच्या कपड्यांतलं माणूस त्यांवर पूर्ण बसायला धजत नाही. तिसरी गोष्ट ऐकली आणि ती मागे सरकून चांगली ऐसपैस बसली.

"नाव म्हणजे कारखान्याचं ना?" तिने विचारलं.

"नाही हो, तुमचं," संचालकबाई म्हणाल्या. "वर शिल्पकाराचं, आणि त्याखाली ‘पुढचा डावा पाय’ असं लिहून तुमचं. नवं दालन उघडतंय. दारातच ही कुत्री ठेवायची. जो येईल तो आधी तिला बघेल, मग पाटी वाचेल."

मेणबाई सव्वीस वर्षं ब्राँझच्या पुतळ्यांचं काम करत होती. शिल्पकार मातीत घडवतो आणि हात धुऊन निघून जातो. पुढचं सगळं कारखान्यात. त्या मातीवरून साचा काढायचा, साच्यातून मेणाचा पुतळा काढायचा, त्याचं वाकडंतिकडं सरळ करायचं, त्यावर दुसरा साचा चढवायचा, मग भट्टीत मेण वितळवून काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. यातलं मेणाचं सगळं तिच्याकडे. लग्न होऊन आली तेव्हा भट्टीचा धूर सोसेना, म्हणून सासऱ्यांनी तिला मेणाच्या टेबलावर बसवलं आणि गमतीने मेणबाई म्हणायला लागले. तेच पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं.

चौकाचौकांत उभ्या असलेल्या किती पुढाऱ्यांचे कान तिने केले होते, कारण शिल्पकारांना कान जमत नाहीत. एका थोर पुरुषाचं तर अख्खं नाक तिचं होतं. पण चौथऱ्यावर नाव शिल्पकाराचं, त्याखाली अनावरण करणाऱ्याचं, त्याखाली समितीच्या सतरा माणसांचं. ज्याच्या हाताला चटके बसले त्याच्या वेळी नेमका दगड संपतो. हे असंच चालतं, आणि चालवणाऱ्यांना त्याची काडीची लाज वाटत नाही.

तेव्हा मेणबाईला ते नाव हवं होतं. उगाच आडपडदा कशाला? तिला ते फार हवं होतं.

कुत्री तळघरातल्या दुरुस्तीच्या खोलीत एका जाड गादीवर उभी होती. माणसाच्या गुडघ्याएवढी उंच, रंगाने काळी, खोलगट जागी हिरवट. एक कान ताठ, एक पडलेला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. पोटाखाली सड लोंबत होते, म्हणजे बऱ्याच वेळा व्यालेली असणार. पुढचा डावा पाय खांद्यापासून नव्हता. त्या जागी काळ्या लुकणाचा गोळा होता, फटी बुजवायला वापरतात तसलं लुकण, दगडासारखं वाळलेलं. कधीकाळी कुणीतरी तिला प्लास्टरचा पाय चिकटवला होता, तो गळून पडला, आणि लुकण तेवढं राहिलं.

ती घडवणारा माणूस दीडशे वर्षांपूर्वीचा. गावात त्याला घोडेवाला म्हणत, कारण सेनापती, सरदार, मोठे सावकार, जो कोणी घोड्यावर बसलेला पुतळा करून घेई तो याच्याकडे येई. माणसं त्याची साधारणच. घोडे मात्र असे की शेपटी आत्ता हलेल. तो मेला तेव्हा त्याच्या घरातल्या सामानाची यादी करायला सरकारी कारकून आला. त्याने लिहिलं, ‘कुत्री, ब्राँझची, एक. मोडकी.’ तेवढ्या एका शब्दावर सगळं उभं होतं. कारकुनाने मोडकी लिहिलं, म्हणून पुढच्या यादीत मोडकी, म्हणून पुस्तकांत मोडकी, म्हणून तिला प्लास्टरचा पाय, आणि म्हणून आता मेणबाई.

"शिकारी कुत्री आहे ही," प्राध्यापकांनी सांगितलं. घोडेवाल्यावर चाळीस वर्षं घालवलेला माणूस. त्यांनी लिहिलेला जाडजूड ग्रंथ तिथेच टेबलावर होता आणि त्याच्या मुखपृष्ठावर हीच कुत्री होती, चारी पायांची. गेलेला पाय त्यांनी स्वतःच्या हाताने रेखाटला होता. हवेत उचललेला, गुडघ्यात दुमडलेला. "वास लागलाय तिला. सावज समोर आहे. पाय उचललाय, श्वास रोखलाय. ते पाठीचं वळण बघा, बाई! सगळा ताण तिथे आहे."

मेणबाईने पाठीवरून हात फिरवला. कणा मधूनच उजवीकडे झुकला होता, हलकासा, पाण्यात वाहत गेलेल्या काठीसारखा.

"बघितलं," ती म्हणाली.

"माझ्या चित्राबरहुकूम करा. आणि पक्का चिकटवायचा नाही हं. चापात बसवायचा, म्हणजे उद्या काढावासा वाटला तर मूळ वस्तूला ओरखडा नको."

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा नवरा खूश झाला आणि सासरे म्हणाले, "आजवर माणसांचे कान केलेस, आता कुत्रीचा पाय. बढती झाली म्हणायची."

"मामंजी, माझं नाव लागणार आहे."

"मग नखं नीट कर," मामंजी म्हणाले. "लोक कुत्र्याची नखं बघतात."

दुसऱ्या दिवसापासून मेणबाई तळघरात जाऊन बसायला लागली. पहिला पाय तिने प्राध्यापकांच्या चित्राप्रमाणे केला. मेण जरा कोमट करून खांद्याशी लावला, चार पावलं मागे गेली आणि बघितलं. कुत्री वाईट दिसत होती. पाय चांगला होता, नखं तर फारच चांगली होती, पण तो पाय लागला की ती कुत्री राहात नव्हती, दुकानाच्या दारात ठेवतात तसलं शोभेचं काहीतरी होत होतं. मेणबाईने पाय काढला. कुत्री पुन्हा कुत्री झाली.

दुसरा पाय कमी उचललेला केला. तिसरा जास्त. चौथा सरळ जमिनीवर टेकवला, तर तो उजव्या पायाच्या इतका जवळ आला की कुत्री लघवी अडवून उभी आहे असं वाटायला लागलं. पाचवा बाहेर काढला, तर ती आता घसरणार असं वाटे. आठवड्याच्या अखेरीला खिडकीच्या कट्ट्यावर मेणाचे बारा पाय ओळीने पडले होते, एखाद्या वेड्या खाटकाच्या दुकानासारखे.

प्राध्यापक येऊन बघून जायचे. "पहिलाच तर उत्तम होता," ते म्हणायचे. "तुम्ही उगाच घोळ घालताय."

"सर, ती नको म्हणतेय."

"कोण?"

"कुत्री."

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. अशिक्षित माणसाशी बोलताना शिकलेली माणसं चष्मा पुसतात, तेवढ्यात काय बोलावं ते सुचतं. त्यांना सुचलं नाही. ते गेले.

खरा गोंधळ उजव्या पायाचा होता, हे मेणबाईच्या ध्यानात आलं होतं. पुढचा उजवा पाय जागच्या जागी होता, अस्सल, मूळचा. पण तो उजव्या खांद्याखाली सरळ उतरलेलाच नव्हता. तिरका येऊन बरोबर छातीच्या मध्याखाली टेकला होता. आता एक पाय दोघांच्या मधली जागा अडवून बसला तर दुसऱ्याने जायचं कुठे? घोडेवाल्यासारखा माणूस, ज्याने आयुष्यात एका घोड्याचा खूर चुकीच्या जागी टेकवला नाही, तो कुत्रीचा पाय असा कसा ठेवील? मेणबाईला उत्तर सुचेना. पाठीत कळ भरली तेवढी.

रविवारी सकाळी ती मामंजींचा नवा शर्ट घेऊन बसली. उद्घाटनाला घालायला म्हणून नवऱ्याने आणलेला, तयार, कडक कॉलरचा. मामंजींना डावा हात नव्हता. ऐन तिशीत एकदा साचा नीट वाळला नव्हता, आत ओल होती, धातू ओतल्याबरोबर सगळं उसळून अंगावर आलं. दवाखान्यात हात खांद्यापासून काढला. त्यामुळे त्यांचा प्रत्येक शर्ट घरी आणला की उसवायचा आणि नव्याने बसवायचा, आणि हे काम सव्वीस वर्षं मेणबाईचंच.

"सरळ उभे राहा," ती तोंडात टाचण्या धरून म्हणाली.

"सरळच आहे. तुझ्या लग्नापासून एवढाच सरळ आहे."

तिने डाव्या खांद्याची शिवण दोन बोटं आत घेतली. मग बटणपट्टी उजवीकडे सरकवली, कारण ती मध्यावर ठेवली की पोटावर वाकडी जाते. लग्नानंतर पहिला शर्ट तिने दोन्ही बाजूंनी सारखा केला होता, तेव्हा मामंजी आरशात बघून म्हणाले होते, "पोरी, शर्ट झकास आहे. याच्यासाठी दुसरा माणूस आण." तेव्हापासून तिला त्यांचं अंग पाठ होतं. हात नाही तो खांदा वर चढतो. आहे तो हात हळूहळू बाजू सोडून पुढे, पोटासमोर येतो, कारण आता दोघांचं काम त्याच्यावर. आणि पाठ बिचारी त्याच्या मागे मागे जाते. एका दिवसात नाही, वर्षं लागतात.

ती मागे गेली, सुरकुती काढायला कण्यावरून तळवा खाली ओढला, आणि तळवा तिथेच थांबला.

हे वळण तिने या आठवड्यात रोज हाताखालून घातलं होतं.

"काय गं? टाचणी गिळलीस?" मामंजींनी मान वळवली.

मेणबाईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. मग म्हणाली, "मामंजी, धातूचा पाय तुटला तर धातूची पाठ वाकडी होईल का?"

"धातूची? कशाला होईल? तुटलं तिथे तुटलं."

"कुत्रीची पाठ वाकडी आहे. तुमच्यासारखी. आणि आहे तो पाय मध्यावर आलाय, तुमच्या हातासारखा."

चाळीस वर्षं धातूत घालवलेल्या माणसाला जास्त समजवावं लागत नाही.

"म्हणजे पाय नव्हताच," ते म्हणाले. "त्याने तशीच केली. तीन पायांची."

"तसंच दिसतंय."

"मग तुझी पाटी गेली."

हे मेणबाईला कळत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिने टाचण्यांची उशी बाजूला सारली. तेवढ्यात नवरा आत आला. सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, बायकोचं नाव लागावं असं त्याला मनापासून वाटत होतं, म्हणूनच म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. पाय करून दे. विद्वान म्हणतात तुटलाय, सरकार म्हणतं तुटलाय. तू कोण सांगणारी? आणि कुत्री काय तक्रार करायला जाणार आहे?"

तोच विचार मेणबाईच्या मनात त्याच्या आधी येऊन गेला होता.

मामंजींनी टाचण्या लावलेला शर्ट जपून अंगातून काढला. "तुला सांगितलं नव्हतं बहुतेक," ते म्हणाले. "हात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी कारखान्यावर मोठी पाहुणेमंडळी यायची होती. तेव्हाच्या मालकाने माझ्यासाठी लाकडी हात करवून आणला. छान होता, रंगबिंग दिलेला. पट्टा बांधून मला पहिल्या रांगेत उभं केलं. पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून! माझा हात गेला, आणि वाईट कुणाला वाटू नये? तर चहा प्यायला आलेल्या माणसांना."

"मग?"

"फोटो झाला. पाहुणे गेले. मी तो हात भट्टीत घातला. चांगलं लाकूड होतं, मस्त पेटलं." ते उघड्या अंगाने खुर्चीत बसले. "तू तुझं बघ. मी सांगत नाही काय करायचं. नाव मिळणं ही लहान गोष्ट नाही, मला माहीत आहे. मला कुठे मिळालंय."

सोमवारी मेणबाई तळघरात आली ती केस वाळवायचं यंत्र आणि लाकडाची एक पातळ पट्टी पिशवीत घालून. संचालकबाईंना आणि प्राध्यापकांना तिने निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं. दोघं आले तेव्हा ती कुत्रीजवळ जमिनीवर बसली होती.

"हे लुकण काढायचंय," ती म्हणाली.

"कशाला? पाय त्याच्यावरच बसणार ना?" संचालकबाईंनी विचारलं.

"पाय बसायचा की नाही तेच बघायचंय. ब्राँझ तुटलं की आतून दाणेदार दिसतं, दगड फुटल्यासारखं. ते लपत नाही. लुकणाखाली दाणे निघाले तर पाय तुटलाय, मी शुक्रवारपर्यंत करून देते. दाणे नाही निघाले तर तो कधी नव्हताच."

प्राध्यापक हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ही थट्टा नाही. "बाई, यादीत मोडकी म्हणून लिहिलंय. मूळ यादीत!"

"यादी कुणी केली? कारकुनाने. त्याने तीन पाय मोजले आणि मोडकी लिहिलं. माझ्या सासऱ्यांना बघून त्याने मोडके एक असंच लिहिलं असतं."

"आणि तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"शर्टाने."

मग तिने सगळं सांगितलं. खांदा, बटणपट्टी, मध्यावर आलेला हात, पाठ. सांगताना तिने प्राध्यापकांचा हात सरळ धरला आणि कुत्रीच्या कण्यावरून फिरवला. चाळीस वर्षांत त्यांनी कुत्रीला हात लावला नव्हता, नियम होता तसा.

संचालकबाई मात्र हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय ना? पाय नसेल तर काम नाही. काम नाही तर पाटीवर—"

"कळतंय. सगळा रविवार तेवढंच कळत होतं मला. काढू की नको सांगा."

संचालकबाईंनी प्राध्यापकांकडे बघितलं. प्राध्यापकांनी टेबलावरच्या ग्रंथाकडे बघितलं. मग म्हणाले, "काढा. दाणेच निघतील."

मेणबाईने यंत्र सुरू केलं. गरम वाऱ्याने लुकण हळूहळू मऊ पडलं, कडेने सुटायला लागलं. ती पट्टीने अलगद उचलत होती, एका वेळी नखाएवढं. आणि खरं सांगायचं तर, तिचे हात लुकण काढत होते आणि मन आतून ओरडत होतं, दाणे निघू देत, देवा, दाणे निघू देत. सत्याची चाड वगैरे बोलायला ठीक असतं. सव्वीस वर्षांनी नाव दारापर्यंत येतं आणि आपल्याच हाताने दार लावून घ्यायचं, त्याला काळीज लागतं, आणि ते काळीज धडधडल्याशिवाय राहात नाही.

आधी केस दिसले. कोरलेले, बारीक, खांद्यावरून खाली येणारे. तुटलेल्या जागी केस थांबायला हवे होते. ते थांबले नाहीत. चहूबाजूंनी आत वळत गेले आणि थैलीचं तोंड दोरीने आवळावं तसे मध्यावर गोळा झाले. तिथे बोटभर जागा उघडी होती, बिनकेसांची, गुळगुळीत कातडीची. तिच्यावरून एक ओबडधोबड रेघ गेली होती आणि त्या रेघेला आडव्या बारक्या खुणा होत्या. मेणबाईने मोजल्या. सात.

"टाके," ती म्हणाली. "मेणात खरा दोरा दाबलाय त्याने. दोरा मेणाबरोबर जळून जातो आणि त्याच्या जागेवर धातू उतरतो. दोऱ्याचा पीळसुद्धा दिसतोय, बघा."

यंत्र तसंच भणभणत राहिलं होतं, ते संचालकबाईंनी वाकून बंद केलं.

प्राध्यापक जमिनीवर बसले. वय झालेलं, गुडघे वाजले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी नाक टाक्यांपाशी नेलं. ग्रंथाचं मुखपृष्ठ, त्यातली प्रकरणं, व्याख्यानं, सगळं त्या सात टाक्यांत बुडत होतं. मेणबाईला त्यांची कीव आली, आणि आपल्याला ती आली याचा रागही आला.

"जिना," प्राध्यापक म्हणाले.

"काय?"

"बहिणीला लिहिलेलं पत्र आहे त्याचं. ‘आज ती जिना चढून वरपर्यंत आली. मी हाक मारली नव्हती. स्वतःहून आली.’ एवढंच. कोण ते लिहिलेलं नाही. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून मी..." ते थांबले. "बाई, मी त्या जिन्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय. त्याच्या बायकोच्या धीरावर. सव्वीस पानं."

आणि ते हसायला लागले. सुरुवातीला तोंड दाबून, मग पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. संचालकबाई घाबरल्या. मेणबाई नाही घाबरली. तिला तो जिना दिसत होता. खाली एक कुत्री, नुकती जखम भरलेली, एक पाय छातीखाली आणून उभी राहायला शिकलेली. वर मातीने भरलेल्या हातांचा एक माणूस, ज्याच्या दारात सरदारांचे घोडे ताटकळत उभे असायचे.

"आणखी एक पत्र आहे," प्राध्यापक डोळे पुसत म्हणाले. "हे त्याला आलेलं. एका सेनापतीचं. ‘घोड्याच्या गुडघ्यावर लढाईतली जखम आहे, ती पुतळ्यात दिसता कामा नये.’ अशी पत्रं ढिगाने आहेत. पोट खपाटीला गेलंय ते भरा, मान उंच करा, वण काढून टाका. त्याने सगळ्यांचं ऐकलं. आयुष्यभर काढूनच टाकत राहिला."

"हिचं काही काढलं नाही," मेणबाई म्हणाली.

"नाही. आणि ही त्याने कधी विकली नाही. आम्हाला वाटायचं, मोडकी म्हणून कुणी घेतली नसेल."

संचालकबाईंनी भिंतीजवळची जुनी पाटी उचलली. ‘कुत्री (भग्न)’. त्यांनी ती उलटी करून टेबलावर ठेवली. "हे तर गेलं," त्या म्हणाल्या. "मेणबाई, तुमचे आभार कसे मानावेत कळत नाही. उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसा तुम्ही. घरच्यांना घेऊन या."

आता इथे सभ्य बाईने मान खाली घालून ‘आभार कसले’ म्हणायचं असतं. मेणबाईही तसं म्हणायला निघाली होती. शब्द ओठांवर आले होते. मग तिला पहिली रांग ऐकू आली आणि पट्ट्याने बांधलेला लाकडी हात आठवला.

"पहिली रांग नको," ती म्हणाली. "नाव हवंय."

"पण पाय तर—"

"पाय मी केला नाही. नाव मात्र मला हवंय. लाज कसली त्यात?"

"अहो, नियम आहेत. पाटीवर शिल्पकाराचं नाव येतं, दुरुस्ती केली असेल तर दुरुस्ती करणाऱ्याचं, आणि देणगी देणाऱ्याचं. लुकण काढणाऱ्याचं कसं घालणार?"

"मग देणगीदारांत घाला."

"तुम्ही काय देणगी दिलीत?"

"एक पाय होता माझ्याकडे, एक कशाला, बारा होते, ते बघा तिकडे कट्ट्यावर. त्यातला एकही हिच्यावर लादला नाही. लोक पैसे देऊन नाव लावून घेतात. मी न देऊन लावून घेते. कुठली देणगी मोठी, तुम्हीच ठरवा."

संचालकबाईंच्या तीस वर्षांच्या नोकरीत नियमाशी असं कुणी बोललं नव्हतं.

"घाला हो," प्राध्यापक जमिनीवरूनच म्हणाले. त्यांना अजून उठता येत नव्हतं. "नाहीतर मी माझ्या ग्रंथात घालीन, आणि मग लोक विचारतील की संग्रहालयाने का नाही घातलं. नवी आवृत्ती काढावीच लागणार आहे मला."

"काढा की," मेणबाई त्यांना हाताला धरून उठवत म्हणाली. "फार काही करू नका. मुखपृष्ठावरचा पाय खोडा फक्त."

"आणि सव्वीस पानं?"

"ती राहू द्या. बायकोच्या जागी कुत्री लिहा."

पाटी झाली. शिल्पकाराच्या नावाखाली एकच ओळ होती. या कुत्रीला तीनच पाय होते हे अमुक बाईंनी ओळखलं, असं त्या ओळीत पूर्ण नावानिशी लिहिलं होतं, आणि अमुकच्या जागी मेणबाईचं ते नाव होतं जे लग्नापासून फक्त सरकारी कागदांवर राहिलं होतं. मामंजींनी ती ओळ दोनदा वाचली, एकदा चष्म्याने आणि एकदा चष्म्याशिवाय. नंतर ते कुत्रीसमोर जाऊन उभे राहिले. रक्षकाने त्यांना मागे व्हायला सांगितलं, ते झाले नाहीत.

उद्घाटनाला आठ दिवस झाले आणि संचालकबाईंचा फोन आला. त्याच कारकुनाच्या यादीतल्या आणखी एकोणीस वस्तू कोठारात पडून होत्या. प्रत्येकीपुढे त्याच हस्ताक्षरात एकच शब्द. मेणबाईंनी येऊन बघाव्यात, प्राध्यापकांनी पत्रं घेऊन बसावं, असं ठरलं होतं. दुरुस्ती असेल ती मेणबाईंची, नावासकट.

कोठारात पहिला निघाला तो एक हंस. पंख पसरलेला, मानेच्या मध्यापासून वर काहीच नाही. प्राध्यापकांनी दिवा जवळ धरला. या खेपेला ते आधी काही बोलले नाहीत, बघत राहिले मेणबाईच्या तोंडाकडे. तिने मानेवर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"हा मात्र खरंच मोडलाय," ती म्हणाली.

प्राध्यापकांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की धूळ उडाली. "म्हणजे डोकं करायचं! सरळ समोर बघतोय हा, बाई. उडायच्या बेतात आहे."

"समोर कुठे? मानेची डावी शीर बघा की जरा. मागे वळून बघतोय."

"मागे? हंस उडताना मागे बघेल? मी चाळीस वर्षं—"

"सर, चाळीस वर्षं बाजूला ठेवा आणि हात द्या इकडे," मेणबाई म्हणाली आणि तिने पिशवीतून मेणाचा गोळा काढला.